टोरी पाइन्स: पुण्याहून येणाऱ्या आई-बाबांना कुठल्या वाटेने न्यावं

प्रश्न थोडक्यात असा: मार्चच्या शेवटी पुण्याहून आई-बाबा सॅन डिएगोला येताहेत. दोघंही पासष्टीच्या पुढची. बाबा अजूनही अधूनमधून रविवारी सिंहगड चढतात. आईचे गुडघे दुखतात, पायऱ्या उतरताना जास्तच. सोबत नऊ वर्षांची नात. टोरी पाइन्स या समुद्राकाठच्या राखीव जंगलाची टेकडी दाखवायची आहे, तर वाट कुठली धरावी, समुद्रापर्यंत उतरावं का, धुकं असलं तर बेत रद्द करावा का, आणि डबा नेता येतो का?

नक्की न्या. फक्त ‘वरून समुद्रावर उतरायचं आणि परत चढून यायचं’ हा बेत आईंच्या बाबतीत डोक्यातून काढून टाका. इंटरनेटवर सगळीकडे तीच वाट पहिल्या नंबरवर दिसते, म्हणून येणारा प्रत्येक जण तिकडेच वळतो. उतारावर शेवटी पायऱ्या आहेत, त्या उतरताना दुखऱ्या गुडघ्यांचे हाल होतात, आणि खाली पोचल्यावर कळतं की गाडी वर आहे. मी शनिवार-रविवारी या टेकडीवर लोकांना फिरवणाऱ्या स्वयंसेवकांपैकी एक आहे. मुलांकडे आलेले आई-वडील त्या बीच ट्रेलच्या मध्यावर दमून बसलेले दिसले की मला फार वाईट वाटतं, कारण त्यांना जे बघायचं असतं ते सगळं वरच असतं. समुद्र इथे कुठल्याही वाटेवरून दिसतो.

आईंसाठी गाय फ्लेमिंग ट्रेल. ही जेमतेम पाऊण मैलाची, म्हणजे किलोमीटरभराची गोल वाट आहे. जवळजवळ सपाट, मध्ये कुठेतरी दोन-चार उंचसखल जागा, तेवढंच. वाट लॉजपर्यंत, म्हणजे वरच्या जुन्या इमारतीतल्या माहिती केंद्रापर्यंत, जात नाही, रस्ता चढताना त्याच्या बरीच आधी लागते. कडेला गाड्या लावायला अगदी मोजकी जागा आहे. तिथे जागा नसली तर आईंना आणि नातीला तिथेच उतरवा आणि गाडी वर लॉजपाशी लावून या. या वाटेवर दोन ठिकाणी समुद्राकडे कठडे आहेत. उत्तरेकडच्या कठड्यावरून शेजारच्या डेल मार गावाचा किनारा आणि डावी-उजवी पसरलेली खाजणाची जमीन दिसते. दक्षिणेकडच्या कठड्यावरून थेट ला होयाच्या भूशिरापर्यंत किनारा वळत गेलेला दिसतो. हवा स्वच्छ असेल तर क्षितिजावर सॅन क्लेमेंटे बेटाची निळसर रेघही दिसते. वाटेवर झाडाझुडपांच्या नावाच्या पाट्या आहेत, त्यामुळे नातीला काम मिळेल. अर्धा तास पुरतो असं सगळीकडे लिहिलेलं असतं. तुम्ही दीड तास ठेवा.

दीड तास का, ते सांगते. टेकडीला ज्याच्यावरून नाव मिळालं ते टोरी पाइन हे झाड जगात रानटी अवस्थेत फक्त दोन ठिकाणी उगवतं: एक ही टेकडी आणि तिच्या आसपासचा छोटा पट्टा, दुसरं इथून खूप वायव्येला असलेलं सँटा रोझा बेट. संपला कारभार. एकूण झाडं काही हजारच. १८५० मध्ये अमेरिका-मेक्सिको सीमेच्या मोजणीबरोबर आलेला वनस्पतिशास्त्रज्ञ चार्ल्स पॅरी याने हे झाड ओळखलं आणि आपल्या गुरूचं, जॉन टोरी यांचं नाव त्याला दिलं. पन्नासेक वर्षांनी, १८९९ मध्ये, सॅन डिएगो शहराने इथली साडेतीनशेवर एकर जमीन राखून ठेवली. पुढे एलन ब्राउनिंग स्क्रिप्स या बाईंनी स्वतःच्या पैशाने लगतची जमीन विकत घेऊन त्यात भर घातली. लॉजची ती मातीच्या विटांची इमारतही त्यांच्याच पैशातून १९२३ च्या सुमारास उभी राहिली. आता तिथे माहिती केंद्र आहे. गाय फ्लेमिंग हा या जागेचा पहिला राखणदार. या सगळ्यांची नावं वाटांच्या नकाशावर आणि आसपासच्या पाट्यांवर दिसतील, तेव्हा नातीला एवढी गोष्ट सांगता येईल.

झाडाखाली उभं राहिलात की आधी सुया बघा. बहुतेक पाइनच्या सुया दोन-दोन किंवा तीन-तीनच्या जुडीने येतात. इथे प्रत्येक जुडीत पाच असतात, आणि त्या चांगल्या वीतभर लांब, राठ, करड्या-हिरव्या रंगाच्या. नातीला खाली पडलेली एक जुडी उचलून मोजायला सांगा, मग ती तिथेच परत ठेवायची. इथून काहीही नेता येत नाही, पडलेला शंकूसुद्धा. शंकू हातात घेऊन बघा, वजन लागतं. तो पिकायला तिसरं वर्ष उजाडतं, आणि पिकल्यावरही कित्येक वर्षं फांदीवरच राहून एकेक बी सोडत बसतो. बी चिलगोज्यासारखं, पण त्याहून जाड कवचाचं. इथले मूळ रहिवासी कुमयाय लोक ते खात. आता ते ‘स्क्रब जे’ नावाचे निळे पक्षी पळवतात आणि जमिनीत पुरून ठेवतात. पुरलेलं विसरले की तिथे रोप येतं.

आता धुक्याचं. धुकं असलं तर जायचं की नाही, असं तुम्ही विचारलंय. मी म्हणेन, दोनदा जायला जमत असेल तर एकदा मुद्दाम धुक्यात जा. सॅन डिएगोला वर्षाला साधारण २५० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही जवळपास सगळा हिवाळ्यात. म्हणजे पुण्यात पडतो त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढाच. मे ते ऑक्टोबर जवळपास कोरडे. एवढ्या कमी पाण्यावर इथे पाइनचं झाड तगतं ते समुद्रावरून येणाऱ्या धुक्याच्या भरवशावर. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यालगतचं पाणी उत्तरेकडून येणाऱ्या प्रवाहामुळे गार असतं. त्याला टेकलेली हवा गार आणि दमट राहते, तिच्यावर गरम कोरड्या हवेचं झाकण बसतं, आणि तो थर सकाळी किनाऱ्यावर सरकतो. मे-जूनमध्ये तर तो दिवसचे दिवस हलत नाही. त्या लांब सुयांवर धुक्याचे कण अडकतात, एकमेकांत मिसळतात, आणि थेंब होऊन खाली पडतात. दाट धुक्याच्या सकाळी झाडाच्या घेराबाहेरची वाळू कोरडी आणि घेरातली ओली, हे तुम्ही बुटाच्या टाचेने उकरून बघू शकता. झाड स्वतःच स्वतःला पाणी घालतं. कठड्यावरून त्या दिवशी काहीच दिसणार नाही, हे खरं. पण समुद्र दुसऱ्या दिवशीही तिथेच असतो, झाड पाणी पिताना दिसायला मात्र धुकंच लागतं.

काही झाडं उभीच्या उभी वाळलेली दिसतील, करडे सांगाडे. आई-बाबा विचारतीलच. सलग दुष्काळ पडला की झाडाचा चीक कमी होतो. एरवी साल पोखरायला आलेला भुंगा त्या चिकात बुडून मरतो, चीक आटला की तो आत शिरतो आणि अंडी घालतो. १९८०च्या दशकाच्या शेवटी असाच मोठा तडाखा बसला होता. गंधाचे सापळे लावून लाखो भुंगे पकडले तेव्हा तो आटोक्यात आला. नंतरच्या दुष्काळांतही झाडं गेली. आणि एका जागच्या या सगळ्या झाडांची जनुकं जवळजवळ एकसारखी असल्यामुळे एखादा रोग आला तर त्याला तोंड देणारी वेगळ्या घडणीची झाडं त्यांच्यात नाहीत. म्हणून इथे ‘वाटेवरूनच चाला’ याचा एवढा आग्रह धरतात. झाडाच्या बुंध्याशी फोटोसाठी चारचौघं रोज उभे राहिले की तिथली माती दबते आणि पृष्ठभागालगतच्या मुळांना पाणी मिळत नाही.

बाबांकडे वळते. त्यांच्याबद्दल मला थोडी जास्त काळजी वाटते, आणि त्याचं कारण त्यांची तब्येत नव्हे. त्यांना चालणं जड जाणारच नाही. सिंहगडाच्या मानाने ही टेकडी म्हणजे एक टप्पा, पायथ्यापासून माथ्यापर्यंत चढ तीनेकशे फुटांचा. काळजी आहे ती त्यांच्या सवयीची. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाचा कातळावर विश्वास असतो. आपण कड्याच्या टोकाला जातो, दगडावर पाय ठेवून खाली वाकून बघतो, बसतो, पाय सोडतो. तो बेसाल्ट आहे, लाव्हा थिजून झालेला, फोडायचा तर सुरुंग लावावा लागतो. इथला कडा दिसायला तसाच ताठ, पण तो वाळूचा आहे. वाटेवर गळून पडलेला एखादा पिवळसर खडा बाबांच्या हातात द्या आणि दोन बोटांत दाबायला सांगा. तूप कमी पडलेल्या रव्याच्या लाडवासारखा तो भुगा होईल. एवढं एकदा हाताने अनुभवलं की कठड्यापलीकडे पाय का टाकायचा नाही हे त्यांना वेगळं सांगावं लागणार नाही. माझा अनुभव असा की पाटी वाचून न थांबलेली माणसं या खड्याने थांबतात.

हा कडा ज्या थरांनी बनलाय ते बाबांना समजावून द्यायला रेझर पॉइंट या टोकासारखी दुसरी जागा नाही. लॉजजवळून निघायचं, जायला पाऊण मैलाहून थोडं कमी, यायला तेवढंच. वाट उतरती आहे, पण सावकाश. मध्ये डाव्या-उजव्या हाताला पाण्याने कोरलेल्या घळी लागतात, त्यांच्या भिंती सुरीने कापल्यासारख्या दिसतात. सगळ्यात वर लालसर थर, त्यातल्या लोखंडाला गंज चढल्यामुळे लाल झालेला. तो इतर थरांच्या मानाने अलीकडचा, दहाएक लाख वर्षांपूर्वीच्या किनाऱ्याचा. त्याच्याखाली फिकट पिवळा, जवळजवळ पांढरा वालुकाश्म, यालाच टोरी सँडस्टोन म्हणतात. सुमारे ४.८ कोटी वर्षांपूर्वी इथे समुद्राच्या तोंडाशी वाळूचे दांडे होते, त्यांचा हा दगड. आणि तळाशी, समुद्रावरून बघितलं तर दिसतो तो हिरवट-करडा डेल मार थर, त्या दांड्यांच्या आतल्या खाजणाचा गाळ. त्यात कालवांचे शिंपले दगड होऊन बसलेत. म्हणजे आज टेकडीच्या पूर्वेला जे खाजण दिसतं, लॉस पेन्यास्कितोस लगून, तसंच एक खाजण इथे तेव्हाही होतं आणि त्याच्या पुढ्यात असाच वाळूचा दांडा. सह्याद्रीचा कातळ सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. तो थिजून पावणेदोन कोटी वर्षं उलटल्यावर ही वाळू साचत होती. सिंहगडावर ज्यांनी आयुष्य काढलं त्यांना हा आकडा नुसता आकडा वाटत नाही, असं मी पाहिलंय.

ही वाळू आजही ढासळतेय. खालून लाटा पाया खातात, वरून पावसाचं आणि वस्तीतल्या बागांचं पाणी भेगांत मुरतं, आणि एके दिवशी काही पूर्वसूचना न देता मोठा तुकडा सुटतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये इथून थोडं उत्तरेला, एन्सिनिटासच्या किनाऱ्यावर, भर दुपारी कडा कोसळून एकाच कुटुंबातल्या तीन स्त्रियांचा जीव गेला. त्या फक्त कड्याखाली वाळूवर बसल्या होत्या. डेल मारच्या कड्यावरून जाणारा लोहमार्गही याच कारणाने आत बोगद्यात हलवायचं चाललं आहे. त्यामुळे कधी खाली समुद्रावर गेलात तर सावलीसाठी कड्याला टेकून बसू नका, चटई कड्याच्या उंचीइतकी दूर टाका. जोराच्या पावसानंतर लगेच एक-दोन दिवसांत तर जाऊच नका. तेव्हा वाटाही पुष्कळदा बंद असतात.

बाबांना खरोखर चढायचं असेल तर माझी सुचवण अशी. गाडी खालच्या, समुद्राकडच्या फाटकापाशी थांबवा, बाबांना तिथे उतरवा, आणि त्यांना डांबरी रस्त्याने चालत वर येऊ द्या. रस्ता साधारण मैलभराचा आहे. हा रस्ता १९१५ चा. एके काळी सॅन डिएगोहून लॉस एंजेलिसकडे जाणाऱ्या मोटारी याच चढाने जात, आणि जुन्या गाड्यांना तो जड जाई. चढताना मागे वळून बघितलं की खाजण, त्यातून वळणं घेत जाणारा ओढा आणि त्याच्यावरून जाणारी रेल्वे, असं सगळं एकदम दिसतं. गाडीत बसलेल्याला हे दिसत नाही. बाबा वर येईपर्यंत तुमची आणि आईंची गाय फ्लेमिंगची फेरी निम्मी झालेली असेल. मग लॉजपाशी सगळे भेटा. तिथे स्वच्छतागृह आहे, प्यायचं पाणी आहे, बसायला जागा आहे, आत नातीला बघायला पेंढा भरलेले प्राणी-पक्षी आहेत. आई तिथे बसतील आणि तुम्ही बाबांना घेऊन रेझर पॉइंटला जाऊन याल. लॉजच्या अगदी जवळ हाय पॉइंट म्हणून एक छोटासा उंचवटा आहे, काही पायऱ्या चढल्या की चारी दिशा दिसतात. आईंना त्या दिवशी गुडघे बरे वाटत असतील तर हात धरून तेवढं जमेल. पॅरी ग्रोव्हच्या वाटेला मात्र त्यांना नेऊ नका. कागदावर ती अर्ध्या मैलाची दिसते, पण शंभरावर पायऱ्या आहेत, आधी उतरायच्या आणि मग चढायच्या.

डब्याबद्दल स्पष्टच सांगते, कारण यावरून दर आठवड्याला कुणाचा ना कुणाचा विरस होतो. टेकडीवर पाण्याखेरीज काहीही खायला-प्यायला बंदी आहे. गाडी लावायच्या जागेत बसूनही नाही. एक वेफरचा तुकडा सांडला की मुंग्या आणि खारी येतात, त्यामागून डोमकावळे येतात, आणि तेच डोमकावळे मग आसपासच्या लहान पक्ष्यांची घरटी लुटतात. पोळी-भाजी, थेपले, काय असेल ते खाली समुद्राकाठी खा, तिथे चालतं. आई-बाबांपैकी कुणाला मधुमेह असेल तर निघण्याआधी नीट खाऊन घ्या, आणि औषधाचं काही बरोबर ठेवायला लागत असेल तर फाटकावरच्या रेंजरला आधी सांगून ठेवा. कुत्रा न्यायचा नाही, गाडीत ठेवूनसुद्धा नाही. ड्रोनही नाही.

पायात तळाला चांगली पकड असलेले बूट हवेत. वाटेवर कडक वालुकाश्मावर मोकळ्या वाळूचा पातळ थर असतो, आणि उतारावर पाय सटकतो तो तिथेच. चपला-सँडलवर आईंना नेऊ नका. त्यांची काठी असेल तर रबरी टोकाची घ्या. मार्चमधलं ऊन फसवं असतं, टोपी लागते. त्याच वेळी कठड्यावर वारा बोचरा लागतो, तेव्हा त्यांनी पुण्याहून आणलेली कानटोपी आणि शाल गाडीत विसरू नका. वाटेच्या कडेच्या तीन-तीन पानांच्या चकचकीत झुडपाला हात लावू नये, ते पॉइझन ओक असू शकतं, अंगावर फोड येतात. ऊन तापायला लागलं की रॅटलस्नेक वाटेवर येऊन पडतात. दिसला तर थांबायचं, त्याला जाऊ द्यायचं. तो माणसाच्या मागे लागत नाही. नातीला मात्र पुढे पळू देऊ नका, आणि झुडपात हात घालायचा नाही हे आधीच सांगून ठेवा.

मार्चचा शेवट ही वेळ मात्र तुम्ही फार छान साधली आहे. हिवाळ्यात बरा पाऊस झाला असेल तर टेकडी फुललेली असते. सगळीकडे दिसणारी पिवळी फुलं ती रानसूर्यफुलाची, बुश सनफ्लॉवरची. ओलसर उताराला मोठ्या पिवळ्या फुलांचा सी डालिया. पांढरी-निळी झुडपं सियानोथसची. मोहावे युकाची, म्हणजे घायपातीसारख्या अणकुचीदार पानांच्या झाडाची, पांढरी तुरेदार फुलं याच सुमाराला येतात. ब्लॅक सेजचं एखादं पान वाकून हुंगा, तोडू नका. आई स्वयंपाकघरातल्या कुठल्या वासाशी तो जुळतो ते सांगतील, प्रत्येकीचं उत्तर वेगळं असतं. आणि कठड्यावर दुर्बीण हवीच. हिवाळा मेक्सिकोतल्या बाहा कॅलिफोर्नियाच्या खाजणांत काढून ग्रे व्हेल उत्तरेला, पार आर्क्टिककडे परत निघालेले असतात. पिल्लांसकटच्या माद्या किनाऱ्याच्या जास्त जवळून जातात, पण त्या जरा उशिरा, एप्रिलकडे. पाण्यावर पांढरा फवारा उडाला की तिकडे दुर्बीण धरून ठेवा. तो पुन्हा येतो, बहुतेक वेळा थोडा उजवीकडे, कारण तो प्राणी उत्तरेला चाललेला असतो. लाटा फुटतात त्याच्या थोडं बाहेर डॉल्फिन दिसणं तर रोजचंच. कड्याच्या रेषेला समांतर, पंख न हलवता रांगेने जाणारे मोठे पक्षी म्हणजे तपकिरी पेलिकन. आणि एखादा पक्षी कड्यावरून दगडासारखा खाली झेपावला तर तो बहिरी ससाणा. ते याच कड्यांच्या कपारीत घरटं करतात.

वेळेचं गणित असं. कडे पश्चिमेला तोंड करून आहेत, त्यामुळे सकाळी ते सावलीत असतात आणि त्यांचे रंग खुलतात दुपारी तीननंतर. धुकंही बहुधा तोवर विरलेलं असतं. मार्चच्या शेवटी सूर्य सातच्या सुमाराला मावळतो आणि मावळतीला टेकडी रिकामी करावी लागते. फाटक बंद होतं, इथे कुणी दहा मिनिटं सवलत देत नाही. आठवड्याच्या मधल्या दिवशी तीनला पोचलात तर सगळं निवांत होईल. शनिवार-रविवारच जमत असेल तर सकाळी आठच्या आत या. दहानंतर वरच्या जागा भरतात आणि खालून गाड्यांची रांग लागते. पार्किंगचे दर दिवस आणि वेळ पाहून बदलतात, फाटकावर लिहिलेले असतात. खालच्या जुन्या महामार्गाच्या कडेला फुकट जागा मिळू शकते, पण तिथून वर चालत यावं लागेल, म्हणजे आईंच्या उपयोगाची नाही. ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांच्यासाठी १०१ नंबरची बस किनाऱ्याच्या रस्त्याने जाते.

तुम्हाला स्वतःला, किंवा बाबांना दुसऱ्या दिवशी, समुद्रापर्यंतची फेरी करायचीच असेल तर ती करण्यासारखी आहे, हेही सांगायला हवं. बीच ट्रेलने उतरायचं, फ्लॅट रॉक नावाच्या सपाट खडकापाशी किनाऱ्याला लागायचं, मग समुद्र डावीकडे ठेवून वाळूवरून उत्तरेला खालच्या पार्किंगपर्यंत चालत यायचं, आणि रस्त्याने परत वर. एकूण तीनेक मैल. डेल मार थरातले शिंपले बघायला मिळतात ते याच पट्ट्यात. एक अट आहे: निघण्यापूर्वी ला होयाचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघा आणि ओहोटी लागलेली असतानाच उतरा. मोठ्या भरतीला पाणी थेट कड्याला भिडतं, चालायला वाळू उरत नाही, आणि पाठीशी तोच ढासळणारा कडा असतो. आणि फ्लॅट रॉकपासून दक्षिणेला, म्हणजे समुद्राकडे तोंड केल्यावर डावीकडे, लांबवर जाऊ नका. पुढे ब्लॅक्स बीच लागतो, तिथे लोक विवस्त्र फिरतात. ती त्या किनाऱ्याची जुनी रीत आहे. आई-बाबांना आधी कल्पना नसेल तर सगळ्यांचाच संकोच होतो.

आई-बाबा महिना-दोन महिने राहणार असतील तर आणखी एक जागा सुचवते. खाजणाच्या उत्तरेला, डेल मारच्या बाजूला, याच राखीव जंगलाचा एक वेगळा तुकडा आहे, त्याला एक्स्टेंशन म्हणतात. वस्तीतल्या रस्त्याच्या टोकाशी गाडी लावायची, तिकीट नाही, गर्दी नाही. समुद्रावर उतरायची वाट नाही, म्हणूनच तिकडे फारसं कुणी फिरकत नाही. झाडं तीच, दगड तोच, आणि खाजणापलीकडे अख्खी मोठी टेकडी समोर दिसते. स्वच्छतागृह नाही आणि पाणीही नाही, तेवढं घरूनच बघून निघा. चढ थोडा आहे, पण पहिल्या पाच-सात मिनिटांतच बसण्याजोगी जागा येते. आईंनी तिथे बसावं आणि बाकीच्यांनी पुढे जाऊन यावं.